इस्तरीच्या सदऱ्याचं पाचवं कडवं

थांबा, अभिनंदन करू नका. एक गोष्ट मला आत्ताच सांगायची आहे, संध्याकाळपर्यंत थांबले तर परत हिंमत जाईल. सकाळपासून आपल्या मंडळाच्या ग्रुपवर ती लिंक फिरतेय. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची लायब्ररी, गुलाबी कागदाचा फोटो, मराठी गाणं, आणि नोंदीत 'हे पान सिंगापूरमध्ये अमुक मुलीला सापडलं' असं माझं पूर्ण नाव. सगळे अंगठे देतायत. माझ्या आईनं पुण्यात अख्ख्या सोसायटीला पाठवलंय. पण ती नोंद शेवटच्या ओळीपर्यंत कुणीच वाचलेली दिसत नाही. तुम्ही वाचाल, आज ना उद्या. त्याआधी गजभिये सर कोण होते ते माझ्याकडून ऐका.

सर आमच्या वन-नॉर्थच्या ऑफिसात, तळमजल्यावरच्या लॅबमध्ये. मी तिसऱ्या मजल्यावर सॉफ्टवेअर टेस्टिंगला. ते दिवसभर धातूच्या पट्ट्या वाकवायचे आणि तडा नेमका कुठून सुरू होतो ते बघायचे. पंचावन्नच्या पुढचे, मूळ वर्ध्याकडचे, इथं अठरा वर्षं. ठेंगणे, तेल लावून मागे चापलेले केस, आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक भिंग. खरंखुरं भिंग, काळ्या दांड्याचं. एमआरटीच्या डब्यात उभ्या उभ्या पाकिटावरचा बारीक मजकूर त्यातून वाचायचे. लोक बघायचे. त्यांना काही नसायचं त्याचं.

आम्ही पहिल्यांदा बोललो ते जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमध्ये. एका टेबलावर स्टीलचा डबा, एक कोपीचा कप विकत घेतलेला, आणि उघड्या लॅपटॉपसमोर हा माणूस बोटांनी डब्यावर ठेका धरून गुणगुणतोय. पोळीचा वास आला म्हणून मी सरळ जाऊन बसले.

"काय ऐकताय सर?"

"ऐकून नाही राहिलो. वाचून राहिलो." त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. जुनं चित्र होतं, एका माणसाची ही एवढी लांब मिशी, आणि मिशीच्या दोन्ही टोकांना एकेक पक्षी बसलेला. "अमेरिकेतलं आहे. घरी पियानोवर वाजवायला अशी गाणी छापून विकत. हे मिशीवर आहे. सहा कडवी. मिशीवर सहा कडवी, बाप्पा. आपल्याकडं नवऱ्यावर चार होत नाहीत."

मी एवढी हसले की त्यांनी पुढं केलेल्या डब्यातली आमटी सांडली.

मग कळलं ते असं. त्या लायब्ररीकडे खोकीच्या खोकी भरून जुने कागद आहेत. त्यात ही पियानोची गाणी, आणि दुसरं म्हणजे एकपानी कविता, त्यांना ब्रॉडसाइड म्हणतात. एकाच बाजूला छापलेलं एक पान. जहाज बुडालं, कुणाला फाशी झाली, कुणी निवडून आलं, की दुसऱ्या दिवशी त्यावर कविता छापून कोपऱ्यावर विकायला हजर. भिंतीवर डकवायची, दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरी. टिकण्यासाठी छापलेलीच नाहीत ती. लायब्ररीनं त्यांचे फोटो काढून ठेवलेत, पण ती नक्षीदार अक्षरं कॉम्प्युटरला नीट वाचता येत नाहीत. म्हणून जगभरातले लोक घरबसल्या फोटो बघून मजकूर टाइप करून देतात. फुकट. सर सहा वर्षं जेवणाच्या सुट्टीत हेच करत होते.

"आणि बघ," म्हणाले, "प्रत्येक पानाला स्वतःचा नंबर. दीडदमडीचं गाणं, पण त्याला नंबर आहे, त्याची पेटी आहे, पेटीला कुलूप आहे."

त्यांचा एकच नियम होता: पानावर जे आहे ते सगळं. छापखान्याची चूक असेल तर चुकीसकट. कवितेखाली साबणाची जाहिरात असेल तर तीही. कुणी कोपऱ्यात पेन्सिलीनं वाणसामान लिहिलं असेल, तर तेही खाली टीप देऊन. मी म्हटलं, जाहिरात कुणाला लागणारे सर? तर डब्याचं झाकण लावत म्हणाले, "तुला नाही लागत. कोणाला तरी लागेल. ठरवणारे आपण कोण?"

एकदा एका कवितेत एक ठिपका होता. स्वल्पविराम की डाग? सर तीन आठवडे त्या लायब्ररीतल्या बाईंशी मेलवर भांडत होते. स्वल्पविराम असेल तर आई मेली, नसेल तर आईचा बैल मेला, असं काहीतरी त्या ओळीत होतं. शेवटी त्या बाईंनी खरं पान पेटीतून काढून भिंगाखाली धरलं आणि कळवलं की ती माशी आहे. चिरडलेली. सरांनी तो मेल छापून लॅबच्या दारावर लावला. दिवसभर येईल त्याला सांगत होते, "माशी निघाली. आई वाचली." चिनी टेक्निशियन मुलं मान डोलवायची, त्यांना वाटलं असणार सरांच्या घरी कुणीतरी आजारातून उठलंय.

हे सगळं ते कशासाठी करतात ते मला यिशुनला त्यांच्या घरी कळलं. त्यांच्या बायकोनं, सुजाताकाकूंनी, जेवायला बोलावलं होतं. नवव्या मजल्यावरचा फ्लॅट, हॉलमध्ये बुद्ध, शेजारी बाबासाहेब, खाली लेकीची पदकं. लेक संघमित्रा, पंधरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये.

जेवताना सर म्हणाले, "माझे बाबा गाणी लिहीत. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आणि रात्री जलसा. गावोगाव जाऊन बाबासाहेबांची, शाळेची, माणुसकीची गाणी म्हणायची. सकाळी तीच गाणी एका पानावर छापलेली, गुलाबी नाहीतर पिवळ्या कागदावर, दोरीला चिमटे लावून टांगलेली. दीक्षाभूमीवर तर दोरीच्या दोरी. दोनशेवर गाणी असतील."

"दाखवा ना," मी म्हटलं.

काकूंनी माझ्या ताटात भाकरी वाढली. "एकही नाही ग. डब्यांच्या तळाला घातली, पापडांखाली घातली. कोणाला माहीत होतं."

"पण एक गोरा प्रोफेसर यायचा," सर म्हणाले. "बाबा सांगायचे. प्रत्येक पानाची एकेक प्रत घ्यायचा, घडीसुद्धा करायचा नाही, नळीत गुंडाळून न्यायचा. म्हणजे कुठंतरी आहे. अमेरिकेत पेटीत आहे."

"Papa, maybe he threw it away lah," संघमित्रा म्हणाली.

"नाही टाकत ते," सर म्हणाले. "मिशी नाही टाकली त्यांनी."

मग मी विचारलं, सापडलं तरी ते बाबांचंच आहे हे कळणार कसं, नाव असतं का वर? त्यावर त्यांनी जेवण थांबवून समजावलं. पानाच्या वरच्या बाजूला छापखाना, विकणारा, कुणाकुणाची नावं असतात. कवीचं नाव शेवटच्या कडव्यात. अमका म्हणे, तमका सांगे. "गाण्यातच शिवलेलं असते. गाणारा कोणीही असो, गाणं पुरं केलं की नाव घ्यावंच लागते त्याला. नाव नको असेल तर गाणंच अर्धं सोडावं लागते."

हे मला माहीत होतं. लक्षात ठेवा, मला हे माहीत होतं.

त्यानंतर मलाही नाद लागला. एमआरटीत बसले की तसल्या अमेरिकन लायब्ऱ्यांची चित्रं सरकवत बसायचे. आणि एक दिवस बुओना व्हिस्टा स्टेशनच्या आधी गुलाबी पान आलं. नोंदीत भाषा 'हिंदी', कवी 'अज्ञात', म्हणून मराठीत शोधणाऱ्या सरांना ते कधी दिसलंच नव्हतं. पाच कडवी.

इस्तरीचा सदरा घालून आलो,
आज मी कुणापुढं नाही वाकलो.

असं धृपद. एक माणूस आयुष्यात पहिल्यांदा इस्तरीचे कपडे घालून सभेला निघालाय आणि वाटेत जो तो घडीकडे बघतोय. कडव्यागणिक एकेक माणूस. वाणी, पाटील, मास्तर. इतकं गमतीचं आणि इतकं ताठ गाणं मी वाचलं नव्हतं. मी स्टेशन चुकले. पाचव्या कडव्याचा शेवट असा:

भीमरायानं केली ही अशी घडी,
दादाराव सांगे, मोडू नको गडी.

आता कुणीही सरळ सरांना पाठवलं असतं. मी नाही पाठवलं. आपल्या मंडळाचा 'विसरलेली गाणी' कार्यक्रम दहा दिवसांवर होता, आणि मला वाटलं, स्टेजवरून ऐकवू, सर समोर बसलेले असतील, केवढं सरप्राइज. हे त्यांच्याच बाबांचं का ते कळायला, सरांच्या वडिलांचं नाव काय, एवढा एक प्रश्न विचारायचा होता. सहा महिने त्यांच्या डब्यातलं खात होते, तो कधी विचारलाच नव्हता.

तालीम मरीन परेडला अनघाताईंच्या काँडोत. कार्यक्रम त्याच बसवत होत्या. चाल सुंदर लागली, सगळे खूश. मग अनघाताई म्हणाल्या, "शेवटचं कडवं नको घ्यायला ग. चार बास आहेत. जरा जनरल राहू दे, सगळ्यांना आपलं वाटलं पाहिजे ना."

मी म्हटलं, "हो, चालेल."

दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. कुणी धमकावलं नाही, कुणी आवाज चढवला नाही, चहा चालू होता. माझं आडनाव असं आहे की कुठल्याही गाण्याचं कुठलंही कडवं मला कधी अडलेलं नाही. चार काय, पाच काय. निवेदन अनघाताईंनी लायब्ररीच्या नोंदीवरून लिहिलं होतं, 'कवी अज्ञात'. मी ते माझ्या तोंडानं वाचायचं होतं. दादाराव हे नाव वाचून झालेल्या तोंडानं.

कार्यक्रमाला सर दुसऱ्या रांगेत, शेजारी काकू. मीच आग्रहानं बोलावलं होतं. गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या ओळीला सर पुढं सरकले. मला स्टेजवरून स्पष्ट दिसत होतं. त्यांचे ओठ आमच्या आधी हलत होते. वाणी आला, पाटील आला, मास्तर आला, चौथं कडवं झालं, आणि सरांनी काकूंच्या हातावर हात ठेवला. आता येणार, अशी मान वर केली. तिथं आम्ही धृपद म्हणून थांबलो. टाळ्या पडल्या. मी माइकवर म्हटलं, "कवी अज्ञात."

टाळ्या थांबेपर्यंत सरांची मान तशीच होती.

नंतर बटाटेवड्याच्या रांगेत ते माझ्याकडे आले. अनघाताई माझ्या शेजारी, हातात प्लेट.

"बेटा, शेवटचं कडवं?"

मी अनघाताईंकडे बघितलं. त्या चटणी घेत होत्या.

"पानावर चारच आहेत सर," मी म्हटलं. "खालून फाटलंय."

सरांनी मान हलवली. हळू, दोन-तीनदा. मग, आणि हे मला अजून सहन होत नाही, त्यांनी माझीच समजूत घातली. "फाटतेच. वर चिमटा असायचा, घेणारा खालून ओढायचा. खालचंच हातात यायचं, बाकीचं पान दोरीला." आणि म्हणाले, "बाबांचं आहे वाटते ते. ते म्हणायचे हे. पण नाव नाही ना पानावर. मग कसं म्हणू."

काकू म्हणाल्या, "तुम्हाला माहीत आहे ना, झालं तर."

"मला माहीत असून काय," सर म्हणाले. "पानावर पाहिजे."

लिंक पाठव म्हणाले. पाठवते म्हटलं. नाही पाठवली, कारण लिंक उघडली की पान अख्खं दिसणार. त्यांनी एकदा आठवण करून दिली, मग नाही दिली. मी जेवायला दुसरीकडे जाऊ लागले. डेडलाइन आहे म्हणायचे. सरांचा करार महिनाअखेर संपत होता, ते कायमचे नागपूरला परतणार होते. मला वाटायचं, निघून गेले की मिटेल. हेही लिहून टाकते.

मग काकूंचा फोन आला. त्यांना काहीच माहीत नव्हतं, सहज केलेला. म्हणाल्या, "हे रोज वर्ध्याला शेवंताताईंना फोन करून राहिले. मोठी बहीण यांची, ऐंशीच्या पुढं गेली. यांनाही शेवटचं धड आठवत नाही, ते कडवं आठव म्हणतात. तिला पहिला शब्द येते, पुढचं येत नाही. काल रडली फोनवर. म्हणाली, बापाचं नावच कसं विसरली मी गाण्यातून. तू बोल ना यांच्याशी, तुझं ऐकतात."

त्या रविवारी मी यिशुनला गेले. खोकी बांधून ठेवलेली, पंखा चालू. मी सोफ्यावर न बसता उभ्यानंच लॅपटॉप उघडून पान लावलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं.

सरांनी आधी कागदाच्या कडा बघितल्या. चारही. मग खिशातून भिंग काढलं, स्क्रीनला कशाला लागतं भिंग, पण काढलं, आणि खालून वर वाचत गेले.

"फाटलेलं नाही," ते म्हणाले.

"नाही सर."

"मग?"

"आम्ही गाळलं. अनघाताई म्हणाल्या की..."

"त्यांचं राहू दे. तू काय म्हणाली?"

"मी हो म्हटलं."

"काहून?"

मी वेळ कमी होता म्हणणार होते. तोंड उघडलंसुद्धा. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते बाहेर येईना. सरांनी फोन उचलला आणि वर्ध्याला लावला.

"बाई, सापडलं. ऐक." आणि ते पाचवं कडवं त्यांनी म्हटलं. वाचलं नाही, म्हटलं. पलीकडून म्हातारा आवाज मधेच मिळाला, चाल थोडी वेगळी, आणि दोघं 'दादाराव सांगे'वर एकत्र आले. काकू स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या. संघमित्रा खोलीतून बाहेर आली. "Who's Dadarao?"

"तुझा आजा," काकू म्हणाल्या.

ती लॅपटॉपसमोर वाकली आणि एकेक अक्षर लावत वाचू लागली. घ. डी. घडी. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

फोन झाल्यावर सरांनी त्या लायब्ररीचा नोंद दुरुस्त करायचा फॉर्म उघडला. भाषा मराठी. कवी दादाराव गजभिये, पुरावा पाचवं कडवं. मग सगळा मजकूर, छापखान्याच्या पत्त्यासकट. मी हळूच पर्स उचलली.

"थांब," ते म्हणाले. "तुझं पूर्ण नाव सांग. शोधलं तू."

"नको सर, प्लीज."

"नको कसं? तूच शोधलं. मला सहा वर्षांत नाही सापडलं." त्यांनी माझं नाव टाइप केलं, स्पेलिंग विचारून. मग खाली आणखी एक ओळ, आणि ती त्यांनी मला वाचून दाखवली, आवाज न बदलता. हे गाणं सिंगापूरमध्ये एका कार्यक्रमात जाहीरपणे गायलं गेलं, कवीचं नाव असलेलं शेवटचं कडवं गाळून.

"बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं. "काही चुकीचं लिहिलं असेल तर सांग, बदलतो."

"बरोबर आहे सर."

त्यांनी पाठवून दिलं. ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. काकूंनी जेवून जा म्हटलं. मी नको म्हटलं.

तर ती शेवटची ओळ ही अशी आहे. सरांनी राग म्हणून लिहिलेली नाही. झालं ते लिहिलं, इतकंच.

पुढच्या सोमवारी मी ट्रे घेऊन हॉकर सेंटरच्या जिन्यावरून उतरत होते. सर त्यांच्या टेबलावर होते. डबा बंद, कोपी समोर. आणि समोरच्या खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं. इथं जागा धरायची तर तसंच ठेवतात, तुम्हाला माहितीये. ट्रे घेऊन एक मुलगा ती खुर्ची बघून आला, सरांनी त्याला हातानं नाही सांगितलं. मग जिन्याकडे बघितलं. मी ज्यूसच्या स्टॉलमागं सरकले. किती वेळ उभी होते माहीत नाही, माझे नूडल्स गार झाले. शेवटी त्यांनी घड्याळ बघितलं, डबा उघडला आणि जेवायला लागले, एकटेच, लॅपटॉप न उघडता. पाकीट मात्र उचललं नाही. मंगळवारीही ते तिथंच होतं. बुधवारी मी वरच जेवले. महिनाअखेर सर गेले.

तुमचं झालंय का असं कधी? म्हणजे चूक करणं नाही, ती सगळे करतात. चूक कळल्यावरही समोरच्यानं आपल्यासाठी जागा धरून ठेवलीय, दहा पावलांवर, आणि आपल्यालाच तिथं जाऊन बसता आलं नाही, असं?